टबाचा तळ

१

माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना चाळिशी लावता लावता माझी स्वतःची कधी उलटून गेली ते कळलंच नाही, आणि लग्नाचं राहून गेलं. थोरली बहीण म्हणायची, "तुला भिंगातून सगळ्याच बायका उलट्या दिसतात वाटतं." मी हसण्यावारी न्यायचो. सकाळी शटर वर, दिवेलागणीला शटर खाली, मधल्या वेळात काचा घासणं, दांड्या वाकवणं, जमिनीवर पडलेला स्क्रू शोधत रांगणं. वाईट काहीच नव्हतं.

मग एक दिवस ती मुलाला घेऊन आली. फळ्यावरचं दिसत नाही अशी शाळेतून तक्रार होती. मी डोळे तपासले, नंबर काढला, नमुन्याच्या काचा लावून मुलाला दारापर्यंत नेलं. तो बाहेर बघतच राहिला. म्हणाला, "आई, झाडाची पानं सुटी सुटी असतात!"

आई मात्र खूश झालेली दिसली नाही. मला बाजूला घेऊन ती हलक्या आवाजात म्हणाली, "थोडा कमी द्या."

"काय कमी देऊ?"

"नंबर. फळ्यावरचं वाचता येईल एवढाच. सगळं दिसायला नको त्याला."

इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, नजर अर्धवट नाही देता येत."  ती म्हणाली, "बरं. पण पाण्यापाशी गेला की चष्मा काढून ठेवायचा, एवढं तुम्ही सांगा. माझं ऐकत नाही."

मी मुलाला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की या काचांना पाणी सोसत नाही. त्याने मान डोलावली. धंद्यात एवढं खोटं चालतं.

त्यानंतर त्या चष्म्याची दांडी इतक्या वेळा मोडली की मला माझ्या मालाचीच शंका यायला लागली. पुढे मुलानेच सांगून टाकलं. तो मुद्दाम मोडायचा. त्याला माझ्या दुकानातलं फिरतं स्टूल आवडायचं, आणि दुरुस्ती होईपर्यंत आईला थांबावंच लागायचं. एकूण काय, आमचं लग्न त्या दांडीने जुळवलं.

२

तिचा पहिला नवरा मालवाहू बोटीवर खलाशी होता. मुलगा रांगत असताना तो पाण्यात गेला आणि मिळाला नाही. एवढंच तिने सांगितलं, आणि मीही एवढंच विचारलं. मुलगा मला काका म्हणतो. ते बरं आहे, मला अवघडल्यासारखं होत नाही.

मी तिच्या घरी राहायला गेलो. दुकानाच्या मागच्याच गल्लीत, तळमजल्यावर. पुढे बैठकीची खोली, मध्ये झोपायच्या दोन खोल्या, मग स्वयंपाकघर आणि अगदी मागे धुण्याची खोली. कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचा तिचा धंदा होता. धुण्याच्या खोलीत फरशी, कोपऱ्यात मोरी, वर एकच जाळीची खिडकी आणि आडव्या उभ्या ताणलेल्या तारा. एक धुलाईचं मशीन होतं, त्याची घरघर दिवसभर चालू असायची. आणि मशीनशेजारी एक पत्र्याचा टब. जुना, गोल, कडेला दोन कड्या. माझ्या गुडघ्यालासुद्धा लागायचा नाही एवढा बुटका.

टबात ती रोजचं धुणं करत नसे. "मग कशाला ठेवलाय?" मी विचारलं. "नाजूक कपड्यांना," ती म्हणाली.

एक दिवस जेवायला घरी आलो तेव्हा खिशात एक घासलेली काच होती, कागदात गुंडाळलेली. हात धुवायला मागे गेलो, रुमाल काढताना काच निसटली आणि सरळ टबात पडली. टब भरलेला होता. मी बाही वर सारली. पाण्यात हात घालणार, एवढ्यात मनात आलं, की काच तळाला लागल्याचा आवाज आला नाही.

मी तसाच वाकून उभा राहिलो. मशीन बंद होतं. नळ ठिबकत नव्हता. स्वयंपाकघरात ती ताटं मांडत होती. मला वाटलं, कागदामुळे आवाज दबला असेल. आणि मग आला. बारीकसा, टिण्ण, खूप खालून. विहिरीत गोटा टाकल्यावर कान देऊन थांबलं की येतो, तसा.

पाण्याचं आणि नजरेचं नातं मला माहीत आहे. पाण्यात तळ असतो त्यापेक्षा वर दिसतो. शाळेतलीच गोष्ट आहे ती. मी टबात पाहिलं. तळ वीतभर खाली दिसत होता, पत्र्यावरचा गंजाचा डाग दिसत होता, काच दिसत नव्हती. मी हात घातला. बोटं पत्र्याला लागली. सगळीकडे चाचपडलं. काच नव्हतीच.

दुसरीकडेच कुठे पडली असणार, असं मी ठरवलं. फरशीवर रांगून शोधलं. तेवढी सवय आहे मला.

संध्याकाळी जेवताना तिने काच माझ्या ताटाशेजारी ठेवली. "तुमची ना? धुण्यात सापडली." काच बर्फासारखी गार होती. जेवण संपेपर्यंत तशीच गार होती.

३

त्यानंतर माझं लक्ष टबाकडे जायला लागलं. जायला नको होतं, पण दाताला अडकलेल्या तुसाकडे जीभ जाते ना, तसं झालं.

ती घरात नसताना मी तो रिकामा करून उलटा केला. खाली फरशी होती. अखंड. बोटांच्या सांध्यांनी वाजवून बघितली, भरीव. टबाला भोक नाही, दुहेरी तळ नाही. मी स्वतःलाच हसलो आणि टब पुन्हा जागेवर ठेवला.

पण मागच्या तारांपैकी भिंतीलगतची जी तार होती, तिच्यावर वेगळे कपडे असायचे. गिऱ्हाइकांचे कपडे गठ्ठ्याने यायचे, त्यांना चिठ्ठ्या टाचलेल्या असायच्या. या तारेवर एखादाच कपडा. एक हातमोजा. एका लहान मुलीचा फ्रॉक, रंग उडालेला. एकदा बाईचा एकच बूट, नाडीला चिमटा लावून टांगलेला. हे कोण आणून टाकत होतं ते मी कधी बघितलं नाही. नेणारे मात्र दिसायचे. ते पुढच्या दाराने येत नसत. मागच्या दाराशी उभे राहायचे, टोपी हातात घेऊन, डोळे खाली घालून.

एकदा बेकरीवाली आली. चांगली धिप्पाड बाई, गल्लीत सगळ्यांत मोठा आवाज तिचा. त्या दिवशी तोंडातून शब्द फुटत नव्हता. माझ्या बायकोने तारेवरचा एक शर्ट काढून तिच्या हातात दिला. ओला होता अजून. बेकरीवालीने त्याची कॉलर उलटून बघितली, आतल्या बाजूला रफू केलं होतं त्यावरून अंगठा फिरवला, आणि शर्ट तसाच तोंडावर दाबून धरला. मग गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या उंबऱ्यावर ताज्या पावांची पिशवी होती.

"कुणाचा शर्ट होता?" मी विचारलं.

"तिच्या मुलाचा."

"तिला मुलगा आहे?"

"होता," ती म्हणाली. "अहो, इस्त्री तापलीय, जरा सरका."

मुलगा टेबलाशी बसून गणितं सोडवत होता. आई मागे गेल्यावर वर न बघताच म्हणाला, "काका, तुम्ही फार विचारता."

"विचारू नको का?"

"विचारा. पण ती सांगेल. मग तुम्हाला झोप येणार नाही." त्याने खोडरबर शोधला, खोडलं, पुन्हा लिहिलं. "मला येते. मला सवय आहे."

खरं सांगतो, मलाही झोप येत होती. छान येत होती. एवढ्या वर्षांनी कुणीतरी दिवा मालवताना "झोपलात का?" असं विचारत होतं. घरात साबणाचा आणि गरम कापडाचा वास असायचा. रविवारी आम्ही तिघं पत्ते खेळायचो आणि दोघं मिळून मला हरवायचे. माणूस सुखात असला की त्याला शंका येते, पण ती धरून बसवत नाही.

फक्त एकच गोष्ट मनातून जात नव्हती. ती काम संपलं की टबापाशी जाऊन बसायची. काही न धुता. एक हात पाण्यात सोडून, मान जरा कलती करून, पलंगाखाली गेलेली वस्तू चाचपताना माणूस बसतो तशी. ती कुणाला शोधत होती ते न कळायला मी काही खुळा नव्हतो. आणि सापडला तर माझं काय, हे मी तिला विचारू शकत नव्हतो.

४

शाळेतून मला बोलावणं आलं. मुख्याध्यापिका बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. करारी, ताठ कण्याच्या, चष्म्याच्या साखळीलासुद्धा शिस्त. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि टेबलावरची टाचणी उगाच इकडची तिकडे केली.

"मुलगा हुशार आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या. "पण इतर पालक... तुम्हाला काय सांगायचं. मुलं त्याला चिडवतात."

"ढापण्या म्हणत असतील. चष्मा लागला की सगळ्यांनाच म्हणतात."

"ढापण्या नाही. चेटकिणीचा म्हणतात."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या मिसेसनी मागच्या दाराचं ते काय आहे ते बंद केलं, तर मुलाच्या दृष्टीने बरं. लोकांच्या दुःखावर असा धंदा करू नये."

मला राग आला. त्या खोटं बोलल्या म्हणून नाही. माझी बायको कुणाकडून छदामही घेत नव्हती, हे त्यांना माहीत नव्हतं म्हणून. मी तसं सांगितलं. त्या उठता उठता म्हणाल्या, "तलावावर सहल जाणार आहे. त्याला पाठवा. सगळ्यांत मिसळू दे."

५

"नाही," ती म्हणाली. इस्त्री तिने उभी करून ठेवली. "तलावावर नाही."

"अगं, सगळी जातायत," मी म्हटलं.

मुलगा दारात उभा होता. रडत नव्हता. रडला असता तर सोपं झालं असतं. "मी गेलो नाही तर ते म्हणतील, चेटकिणीने सोडलं नाही," तो म्हणाला. "गेलो तर निदान डबा खाताना कुणीतरी शेजारी बसेल."

 तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "पाण्यात उतरायचं नाही."

"नाही उतरणार."

"आणि काठाशी गेलास तर चष्मा काढायचा."

"आई, मग मी धडपडेन ना!"

ती हसली. मीही हसलो. त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

मुलगा झोपल्यावर मी तिला म्हटलं, "तुझा नवरा समुद्रात गेला. हा साधा तलाव आहे. कुठे समुद्र, कुठे तलाव."

"पाणी सगळं एकच असतं, अहो," ती म्हणाली. "आपण त्याला वेगवेगळी नावं देतो."

"आणि तो... तो काय करेल? स्वतःच्या मुलाला काही करेल का?"

ती चादरीची घडी घालत होती. घडी घालून झाली, मग मोडली, मग पुन्हा घातली. "तो वाईट नव्हता," ती म्हणाली. "पण फार दिवस एकटा आहे."

६

सहलीच्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं. मुलगा टोपी घालून, डबा घेऊन, उड्या मारत बसमध्ये चढला. मी दुकान उघडलं. एका आजोबांना चाळिशी दिली, एका मुलीची चौकट सरळ करून दिली. दुपारी जेवायला घरी आलो.

स्वयंपाकघरात गॅस चालू होता आणि भांड्यातलं पाणी उकळून आटत आलं होतं. असं ती कधी करत नाही. मी गॅस बंद केला. मागून पाण्याचा आवाज येत होता. खळखळ नाही, डुचमळण्याचा. मोठं काहीतरी मोठ्या पाण्यात हलतंय असा.

ती टबाशी गुडघे टेकून बसली होती. उजवा हात खांद्यापर्यंत आत होता.

मी टब पुन्हा एकदा बघून घेतला. बुटका. पाणी काठोकाठ. खांद्यापर्यंतचा हात त्यात मावायला जागाच नव्हती. तिचा गाल पाण्याला टेकला होता आणि डोळे मिटलेले होते.

"काय झालं?" मी म्हणालो.

"पाय धर," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून ती मला अहो-जाहो करत आली आहे. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"पाय धर माझे! घट्ट!" आणि ती आत गेली.

डोकं, दुसरा खांदा, पाठ, कंबर. पाणी जरासं सांडलं, फारसं नाही. मी तिचे घोटे पकडले तेव्हा तेवढेच बाहेर उरले होते. मी फरशीवर बसकण मारली, दोन्ही टाचा टबाच्या बाहेरच्या बाजूला रोवल्या. टब जागचा हलला नाही. फरशीत पुरल्यासारखा घट्ट होता.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मशीनमध्ये कुणाचे तरी पडदे फिरत होते. घरघर, थांबा, घरघर. जाळीतून उन्हाचे चौकोन माझ्या मांडीवर पडले होते. शेजारी कुणाचा तरी रेडिओ चालू होता. सगळं रोजच्यासारखं होतं, आणि माझ्या हातात माझ्या बायकोचे दोन घोटे होते आणि त्यांना खालून ओढ लागत होती. माणसाचं वजन मला कळतं. हे एका माणसाचं नव्हतं.

मग तिचे पाय झटकले गेले. आणि तिचा आवाज आला. पाण्यातून, फार लांबून, पण स्वच्छ. "ओढ रे!"

मी ओढलं. आयुष्यात काही एवढ्या जोराने ओढलं नसेल. कंबर आली, पाठ आली. डावा हात आला आणि त्या हातात शाळेच्या शर्टाची कॉलर होती. मुलगा बाहेर पडला तो माझ्या अंगावरच. डोळ्यांवर चष्मा तसाच, केसांत शेवाळ, आणि तो खोकायला लागला. कुणाच्या खोकण्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

तिचा उजवा हात अजून आत होता. तो निघत नव्हता. ती पाण्यात बघत होती, रागाने नाही, भीतीनेही नाही. मी तिला कमरेला मिठी मारून मागे खेचलं. मनगट वर आलं, आणि त्याच्याभोवती बोटं होती. मोठी, साबणाच्या वडीसारखी पांढरी, जुनी झालेली वडी असते तशी. मी एवढंच पाहिलं. चष्मा मलाही आहे, आणि माझ्या काचांवर पाणी उडालं होतं. मी पुसायला हात नेला तोवर तिचा हात मोकळा होता.

कुणी कुणाचा हात सोडला, ते मला दिसलं नाही.

७

मुलाला टॉवेलात गुंडाळून बैठकीत बसवलं, गरम दूध दिलं. दातांवर दात आपटत तो म्हणाला, "माझी टोपी उडाली. मी फक्त टोपी घ्यायला वाकलो. मग मला दिसलं."

"काय दिसलं?"

"खाली उभा होता. मी चष्मा काढला नाही ना, म्हणून स्पष्ट दिसलं." त्याने दुधाचा घोट घेतला. "मी बुडायला लागलो तर बाबांनी मला वर ढकललं."

बाबा हा शब्द ऐकून मी पटकन वर बघितलं. मला वाटलं, मलाच म्हणाला. मग कळलं. मी त्याच्या केसांतलं शेवाळ काढत राहिलो.

दार वाजलं. मुख्याध्यापिका बाई होत्या. साडी ओली, चेहरा राखेसारखा, चष्म्याची साखळी एका बाजूने तुटून लोंबत होती. तलावापासून गाडी हाकत थेट आल्या असाव्यात. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मी तुम्हाला कसं सांगू... माणसं शोधतायत... पाण्यात माणसं उतरली आहेत, पण..."

माझ्या खांद्यावरून त्यांची नजर आत गेली. सोफ्यावर टॉवेल होता, टॉवेलात मुलगा होता, मुलाच्या ओठांवर दुधाची मिशी होती.

"नमस्कार बाई," मुलगा म्हणाला.

त्या उंबऱ्यावरच बसल्या.  माझी बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "अशा उंबऱ्यात नका बसू, आत या. चहा टाकते." जणू त्या वर्गणी मागायला आल्या होत्या.

बाईंनी अख्खा कप प्यायला. मग फोन मागितला आणि तलावावर कळवलं, की मुलगा घरी पोचला आहे, पाण्यातल्या माणसांना वर बोलवा. कसा पोचला ते त्यांनी सांगितलं नाही. पलीकडच्यांनी विचारलं असणार, कारण त्या म्हणाल्या, "पोचलाय म्हटलं ना!" आणि फोन ठेवला.

मुलगा झोपला, तेव्हा ती माझ्याशेजारी येऊन बसली. उजव्या मनगटावर चार निळे पट्टे उमटले होते.

"दुखतंय?"

"नाही." तिने मनगट उलटसुलट करून बघितलं. "त्यानेच पोराला माझ्या हातात दिलं. मग मला धरलं. मला म्हणाला, चल."

"आणि तू?"

"दोन हात होते मला," ती म्हणाली. "एकात पोर होतं. आणि पाय तुमच्याकडे होते."

 मी तिला मलम लावून दिलं.

८

टब तिने उलटा करून भिंतीला टेकवून ठेवला. मागच्या दाराशी कुणी आलं तर ती नम्रपणे नाही म्हणायची. बाकी घर पहिल्यासारखं झालं. पहिल्यापेक्षाही बरं. सहलीनंतर मुलाच्या शेजारी डबा खायला चक्क रांग लागायची, कारण तलावातून गायब होऊन घरी सापडलेला दुसरा मुलगा शाळेत नव्हता. त्याला अजूनही चेटकिणीचाच म्हणत, पण आता त्यात असूया होती. पत्त्यांत ते दोघं मला हरवत होते. मी सुखात होतो.

एका रविवारी सकाळी मागच्या दाराशी मुख्याध्यापिका बाई येऊन उभ्या राहिल्या. मागच्या. चष्मा काढून हातात धरलेला.

"माझा धाकटा भाऊ होता," त्या म्हणाल्या. "मी त्याला सांभाळत होते. नदीवर." त्यांनी चष्म्याच्या दांड्या मिटल्या. "माझा विश्वास नाही हो या गोष्टींवर. पण आई शेवटपर्यंत विचारत होती. मला फक्त काहीतरी हवंय. काहीही."

माझी बायको माझ्याकडे बघत होती. मी नको म्हणालो असतो तर तिने ऐकलं असतं, असं मला अजूनही वाटतं. पण मी त्या बाईंना आयुष्यात पहिल्यांदा वाकलेलं पाहत होतो.

"मी पाय धरतो," मी म्हणालो.

तिने टब भरला. केसांचा आंबाडा घातला, आकडे खोचून घट्ट केला, बाह्या वर केल्या. "टाचा झटकल्या की ओढा," ती म्हणाली, आणि सावकाश आत गेली. या वेळी ओढ नव्हती. तिचे घोटे माझ्या हातात हलके होते, पाण्यावर तरंगत्या माणसाचे असतात तसे. मुलगा दारात उभा होता. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

मी वाट पाहत राहिलो. टाचा झटकल्या नाहीत. मशीन बंद होतं. माझ्या हातांना फक्त एवढं जाणवत होतं, की ती अगदी निवांत आहे. अंग सैल सोडून, कुणाच्या तरी समोर पाठ करून बसावं तशी. एकदा तिच्या पायांची बोटं आखडली, जशी गुदगुल्या झाल्यावर आखडतात.

"काका," मुलगा म्हणाला. "ओढा."

"तिने खूण नाही केली."

"तरी ओढा."

मी ओढलं. ती सहज आली. डोळे उघडे, गाल लाल, श्वाससुद्धा लागलेला नव्हता. हातात लहान मुलाचा एक सँडल होता, पट्टा तुटलेला. तिने तो बाईंना दिला. बाईंनी तो पदरात घेतला, पट्ट्याच्या तुटलेल्या टोकाला बोट लावलं आणि वळून बाहेर गेल्या. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांच्या रडण्याचा आवाज येत होता. मोकळा, लहान मुलीसारखा.

माझी बायको फरशीवर बसून राहिली. मी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

"खूण का नाही केलीस?"

"करणार होते," ती म्हणाली.

मुलगा तिच्या मागे उभा होता. त्याने चष्मा नाकावर वर सरकवला. "आई, तुझी वेणी कुणी घातली?"

तिने हात मागे नेला. आंबाडा नव्हता. आकडे नव्हते. मानेपासून कमरेपर्यंत एक सुरेख वेणी होती, एकही बट निसटलेली नाही, टोकाला दोरीची गाठ मारलेली. घट्ट, चपटी, बोटीवरच्या कामात मुरलेल्या हाताची गाठ. बोट वरपासून खालपर्यंत फिरवून ती गाठीशी थांबली.  चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू शकतो, पण सांगणार नाही. ते तिचं आहे.

मी आतून फणी घेऊन आलो आणि तिच्या मागे बसलो. गाठ सुटायला वेळ लागला, नखं दुखली. पण बारीक कामाची सवय आहे मला. गाठ सुटली, मग पेड सोडवत गेलो. प्रत्येक पेड गार होता. मी टॉवेलने पुसून, फुंकर घालून, हातात धरून ते ऊबदार केले. मग पुन्हा वेणी घालायला घेतली. मला येत नव्हती. मुलगा शेजारी बसून सांगत होता, "तीन भाग करायचे, काका. नाही, असा नाही. मधला वरून." आमची वेणी वाकडी झाली, सैल झाली, ती पाहून मुलगा खिदळायला लागला.

ती हसत होती. डोळे मिटून, मान जराशी माझ्या हातांवर टाकून बसली होती. तिला कुणाचे हात वाटत होते, ते मी विचारलं नाही. माझे होते, एवढं मला ठाऊक होतं.